शोक, सांत्वन आणि पोथी : मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा एक उपेक्षित विभाग

[१]

घरीं मृत्यु आला म्हणजे मागें राहिलेल्या माणसांस दोन आधार लागतात. एक विधीचा व दुसरा शब्दाचा. विधि हातांस काम देतो व शब्द मनास. आपल्याकडे सुतकाच्या दिवसांत गरुडपुराण वाचण्याचा जो प्रघात आहे, त्याचें शास्त्रीय प्रयोजन प्रेतात्म्याच्या प्रवासाचें ज्ञान हें असलें, तरी त्याचें व्यावहारिक प्रयोजन निराळें आहे. रोज ठराविक वेळीं घरचीं माणसें एकत्र बसतात, कोणीतरी वाचतो, बाकीचे ऐकतात. आणि जें बोलतां येत नाहीं तें दुसऱ्या कोणीं पूर्वींच बोलून ठेविलेलें आहे, असा अनुभव त्यांस येतो. शोकाचा श्लोक झाला ही आदिकवीची कथा आम्हीं शाळेंत पुष्कळ वर्षें शिकविली. शोकाला छंद सांपडला म्हणजे तो सोसण्याजोगा होतो, हें त्या कथेचें तात्पर्य केवळ साहित्यशास्त्रापुरतें नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, ज्या मराठी भाषिकांनीं स्वेच्छेनें, प्रसंगवशात् अथवा राजसत्तेच्या दडपणाखालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांचे हे दोन्ही आधार एकाएकीं सुटले असतां त्यांनीं शोकाच्या प्रसंगीं काय केलें? त्यांस शांति मिळाली असेल, तर ती कोणत्या द्वारानें मिळाली? ख्रिस्ती धर्माचें मंडन अथवा खंडन करणें हें आमचें काम नव्हे. या प्रश्नाचें उत्तर पोथ्यांत व छापील ग्रंथांत सांपडतें, आणि म्हणूनच तो संशोधकांचा विषय आहे. तीन शतकांतील निरनिराळे दाखले एकत्र ठेवून पाहतां आमच्या ध्यानांत एक गोष्ट आली. या लोकांनीं शोकांत जी शांति मिळविली, ती बहुतेक प्रसंगीं मराठी ग्रंथाच्या आश्रयानें मिळविली. कोणीं तो मागून घेतला, कोणीं जपला, कोणीं भाषांतरिला, तर कोणीं अपुरा राहिलेला पुरा केला. हीच गोष्ट या निबंधांत दाखवावयाची आहे.

[२]

प्रारंभ गोमंतकापासून करणें प्राप्त आहे. इ. स. १५६७ सालीं सासष्टींतील देवळें पाडण्यांत आलीं. त्याच सालीं गोव्यांत भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेनें हिंदु धर्म सांगणाऱ्यांवर व त्यांच्या आचारांवर निर्बंध घालणारे ठराव केले. त्याआधीं १५५९ सालीं दिवाडी बेटावरील एका ब्राह्मणाच्या घरांतून मराठी पोथ्या नेण्यांत आल्याचा उल्लेख जेझुइट पाद्र्यांच्या पत्रव्यवहारांत आहे. रामायण-महाभारतांतील कथांचीं रोमन लिपींत उतरविलेलीं जीं बाडें आज पोर्तुगालांतील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयांत आहेत, तीं याच काळाचे अवशेष होत. पाद्र्यांनीं तीं अभ्यासासाठीं उतरून घेतलीं. मूळ घरांत मात्र जागा रिकामी राहिली. पुढें १७३६ सालीं इन्क्विझिशनचा जो विस्तृत जाहीरनामा निघाला, त्यानें नव्या ख्रिस्त्यांनीं चालूं ठेविलेल्या जन्म, विवाह व मृत्यु या प्रसंगांच्या कित्येक चालींस बंदी केली. ज्या गोष्टीची बंदी करावी लागते ती चालूं असते, हा इतिहासाचा सामान्य नियम आहे. धर्मांतरास दीडशें वर्षें लोटल्यावरही मेलेल्या माणसासाठीं जुनें कांहीं करावें ही ओढ लोकांच्या मनांतून गेली नव्हती, असाच त्या जाहीरनाम्याचा अर्थ आम्ही करतों.

अशा प्रदेशांत टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ च्या आक्टोबरांत उतरला आणि १६१९ सालीं मृत्यु येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षें, मुख्यत्वेंकरून सासष्टींत राहिला. त्याच्या आयुष्यांतील शोकाचा एक प्रसंग येथें सांगणें अवश्य आहे. १५८३ च्या जुलईंत कुंकळ्ळी येथें देऊळ व क्रूस यांच्या तंट्यांतून पांच जेझुइट व त्यांच्या बरोबरचे कांहीं लोक मारले गेले. त्यांचीं प्रेतें परत मिळवून त्यांस मूठमाती देण्याच्या कामीं स्टीफन्स होता. नंतर सलोख्याच्या बोलण्यासाठीं म्हणून गांवच्या मुख्यांस असोळणें येथें बोलावून नेण्यांत आलें व त्यांस ठार करण्यांत आलें. म्हणजे ज्या मुलखांत पुढें मराठी ख्रिस्ती पुराण निर्माण झालें, त्या मुलखांत दोन्ही बाजूंस ताजे शोक होते. हें विसरून त्या ग्रंथाचें नुसतें भाषासौंदर्य वर्णन करणें अपुरें होय.

स्टीफन्सचा ग्रंथ, ज्यास आपण ख्रिस्तपुराण म्हणतों, १६१६ सालीं रायतूर ऊर्फ राचोल येथें छापला गेला. पहिल्या पुराणांत ३६ व दुसऱ्यांत ५९ असे एकूण ९५ अवस्वर असून ओव्यांची संख्या अकरा हजारांच्या आसपास आहे. पहिल्या पुराणांत सृष्टीपासून जुन्या कराराची कथा व दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र आहे. ग्रंथाच्या आरंभीं निर्मितीचें कारण कथारूपानें सांगितलें आहे. धर्मशिक्षणाच्या प्रसंगीं एक ब्राह्मण पाद्रीस विचारतो कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं बंद केलीं, तर त्यांच्या जागीं मन रमेल असें दुसरें कांहीं कां देत नाहीं? या प्रश्नाचें उत्तर म्हणून हा ग्रंथ सांगितला आहे.

हा प्रश्न खरोखर एका व्यक्तीनें विचारला कीं तो ग्रंथकर्त्यानें रचिला, हा वाद येथें गौण आहे. स्टीफन्सच्या कानीं ही मागणी कोणत्या तरी रूपानें आल्याखेरीज त्यानें ती ग्रंथाच्या दारांत उभी केली नसती. आणि मागणी कशाची आहे हें पाहावें. उपदेश, नियम व प्रश्नोत्तरी या लोकांस मिळतच होत्या. त्यांनीं मागितलें तें पुराण. म्हणजे चार माणसांनीं एकत्र बसून ऐकण्याचा, दिवसेंदिवस चालणारा, ओवीबद्ध ग्रंथ. हरवलेल्या वस्तूचीच आकृति त्यांनीं पुन्हां मागितली. स्टीफन्सनें ती आकृति ओळखली. मराठी भाषेची स्तुति त्यानें गायिली, स्वर्गास वैकुंठ म्हटलें, आणि ज्ञानेश्वर-एकनाथांच्या श्रोत्यांस परकी वाटणार नाहीं अशी वाणी धारण केली. १६०८ सालच्या एका पत्रांत येथील लिपीचे खिळे पाडण्याविषयीं त्यानें आपल्या वरिष्ठांकडे विचारणा केली होती. खिळे झाले नाहींत व ग्रंथ रोमन लिपींत छापला गेला. परंतु लोकांच्या डोळ्यांस ओळखीचें अक्षर द्यावें ही त्याची इच्छा त्या पत्रावरून स्पष्ट दिसते.

ख्रिस्ताचें दुःखसहन, त्याचा वध, मातेचा शोक आणि तिसऱ्या दिवशीं पुनरुत्थान, हा दुसऱ्या पुराणाचा गाभा आहे. शोकग्रस्त श्रोत्यास या क्रमांतून काय मिळत असेल? गरुडपुराणांत मृताच्या मार्गाचें वर्णन आहे. येथें खुद्द देवाच्याच घरीं प्रेत पडलेलें आहे. आपल्या मुलाच्या मरणानें रडणाऱ्या बाईस ‘रडूं नको’ असें हा ग्रंथ सांगत नाहीं, तर तिच्यापूर्वीं रडलेल्या एका आईकडे तिला नेतो, आणि मग पुढची कथा सांगतो. शोकाला मधें थांबूं न देतां कथेच्या शेवटापर्यंत चालविणें, ही या पुराणाची सांत्वनपद्धति होय. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत जें वाक्य एका ओळींत येतें, तेंच येथें अनेक बैठकींत येतें. आणि शोक हळूहळू ओसरणारा असल्यामुळें बैठकीच त्यास अधिक मानवतात.

[३]

आतां पोथ्यांच्या साक्षीकडे वळूं. ख्रिस्तपुराण १६१६, १६४९ व १६५४ असें तीनदां छापलें गेलें. परंतु या तिन्ही मुद्रणांपैकीं एकही प्रत आजवर उपलब्ध झालेली नाहीं. १६८४ सालीं गोव्याच्या सरकारनें देशी भाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज स्वीकारण्याचा हुकूम काढला. त्या धोरणाच्या छायेंत चौथें मुद्रण होण्याचा संभव उरला नाहीं. तरीही ग्रंथ राहिला, तो हातानें उतरलेल्या पोथ्यांच्या रूपानें. जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें जी रोमन लिपींतील आवृत्ति काढली, ती अशाच हस्तलिखितांच्या आधारानें. ओरिएंटल विद्वान विल्यम मार्स्डेन याच्या संग्रहांतील देवनागरी प्रत लंडनच्या प्राच्यविद्येच्या शाळेंत आहे. तिच्याकडे १९२५ च्या सुमारास डॉ. जस्टिन अॅबट यांनीं अभ्यासकांचें लक्ष वेधलें. मराठी संतचरित्रांचें इंग्रजी भाषांतर करणारे हे गृहस्थ आपल्या वाचकांस अपरिचित नाहींत. पुढें शांताराम बंडेलू यांनीं १९५६ सालीं संपूर्ण देवनागरी आवृत्ति प्रसिद्ध केली.

छापील प्रति नाहींशा व्हाव्यात आणि हस्तलिखितें टिकावीत, हा प्रकार हस्तलिखितांच्या संग्राहकांस विचार करावयास लावणारा आहे. अकरा हजार ओव्या हातानें उतरणें हें सोपें काम नव्हे. बंदी नसली तरी उत्तेजन नाहीं, छापखान्याचा आश्रय नाहीं, भाषा सरकारी नजरेंत हलकी ठरलेली. अशा वेळीं लेखनिक महिनेच्या महिने बसतो, तो ग्रंथ नित्य लागतो म्हणूनच. अलमारींत ठेवावयाच्या ग्रंथाची कोणी इतकी नक्कल करीत नाहीं. आणि छापील प्रति संपल्या त्या, निदान अंशतः, वाचून वाचून झिजल्या असाव्यात असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

हा नित्य उपयोग कोणत्या प्रसंगीं होत असे, याविषयीं कानडा प्रांतांतील ख्रिस्ती लोकांची परंपरा मोलाची आहे. गोव्यांतून सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंत वेळोवेळीं दक्षिणेकडे गेलेल्या या कुटुंबांनीं बरोबर पुराणही नेलें. १७८४ च्या फेब्रुवारींत, उपवासकाळाच्या आरंभींच्या राखेच्या बुधवारीं, टिपू सुलतानानें कानड्यांतील ख्रिस्त्यांस धरून श्रीरंगपट्टणास नेलें. त्यांची संख्या निरनिराळ्या लेखकांनीं निरनिराळी दिली आहे. परंतु ती हजारांच्या घरांत होती व वाटेंत आणि बंदिवासांत फार लोक मेले, याविषयीं दुमत नाहीं. १७९९ च्या मे महिन्यांत श्रीरंगपट्टण पडल्यावर उरलेल्यांची सुटका झाली. पंधरा वर्षांच्या त्या काळांत देऊळ नाहीं, नियमित पाद्री नाहीं, मृतांसाठीं यथाविधि प्रार्थना नाहीं. अशा स्थितींत या लोकांनीं ख्रिस्तपुराणाच्या पठणानें मन सांवरलें व श्रद्धा टिकविली, असें परंपरा सांगते.

ही परंपरा आम्हांस विश्वसनीय वाटते, तिचें कारण असें. दोनशें वर्षांपूर्वीं सासष्टींत जी मागणी झाली होती, तीच परिस्थिति येथें उलट बाजूनें पुन्हां आली. तेव्हां जुने विधि व पुराणिक सुटले होते. आतां नवे विधि व पाद्री सुटले. दोन्ही वेळां उरली ती ओवी. विधीस स्थान, द्रव्य व अधिकारी लागतो. ओवीस कंठ पुरतो. म्हणून ज्या समाजावर मोठें अरिष्ट येतें, त्याची शांति शेवटीं पाठांतरावर अवलंबून राहते.

उत्तर कोंकणांतही अशीच एक समांतर गोष्ट आहे. फ्रान्सिस्कु वाझ द गिमाराइश या फ्रान्सिस्कन पाद्र्याचें ओवीबद्ध पुराण १६५९ सालीं लिस्बन येथें छापलें गेलें. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतल्यावर पोर्तुगीज धर्मगुरु मोठ्या संख्येनें निघून गेले. मागें राहिले ते देशी ख्रिस्ती आणि थोडे देशी पाद्री. पुढें शंभर वर्षांहून अधिक काळानें, १८४५ सालीं, हें पुराण मुंबईस पुन्हां छापावें लागलें. मध्यंतरीं लोकांनीं त्यास विसरलें नव्हतें, हें यावरून उघड आहे. वसईच्या विजयाचीं कागदपत्रें आपल्या मंडळींनीं आस्थेनें शोधलीं. त्या विजयानंतर वसईच्या ख्रिस्ती घरांत काय वाचलें जात होतें, हा प्रश्नही त्याच इतिहासाचा भाग आहे.

[४]

एकोणिसाव्या शतकांत हीच गोष्ट व्यक्तीच्या चरित्रांत दिसते, आणि तेथें ती अधिक तीव्र आहे. पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ सालीं पुराणिकाच्या घरीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीस व मुलीस संस्कृत शिकविलें. सर्व कुटुंब तीर्थयात्रा करीत, देवळांत पुराण सांगत हिंडत असे. म्हणजे दुसऱ्यांच्या शोकांत शब्द पुरविणें हाच त्या घराचा व्यवसाय होता. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळांत त्या घराचें अन्न तुटलें. प्रथम वडील, नंतर थोड्याच आठवड्यांनीं आई व पुढें कांहीं महिन्यांत थोरली बहीण, असे तिघे गेले. वडिलांनीं मरणापूर्वीं धाकट्या मुलीस देवाच्या हातीं सोपविल्याचें रमाबाईंनीं स्वतः लिहून ठेविलें आहे. भाऊ श्रीनिवास याच्या बरोबर त्या हजारों मैल पायीं हिंडल्या व १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचल्या. तेथें ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. परंतु १८८० सालीं भाऊही गेला. त्याच वर्षीं विवाह झाला व १८८२ च्या फेब्रुवारींत पति बिपिनबिहारी मेधावी वारले. चोविसाव्या वर्षीं, मांडीवर एक मूल घेऊन, या विदुषीचा शोकाचा हिशेब येथपर्यंत आला होता.

१८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या. बरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनीं वांटेज येथें आत्मघात केला. त्यानंतर २९ सप्टेंबर १८८३ रोजीं रमाबाईंनीं मुलीसह बाप्तिस्मा घेतला. साधारण चरित्रकार येथें विराम घेतो व शोकाकुल स्त्रीस नव्या धर्मांत शांति मिळाली असें लिहितो. पण रमाबाईंची स्वतःची साक्ष निराळी आहे. १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या निवेदनांत त्या स्पष्ट सांगतात कीं, बाप्तिस्म्याच्या वेळीं आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळण्यास पुढें आठ वर्षें लागलीं. इतिहासकारानें या आठ वर्षांस महत्त्व दिलें पाहिजे. धर्मांतर ही तारखेची गोष्ट आहे, शांति ही तारखेची नव्हे. दप्तरांत पहिली सांपडते, दुसरीसाठीं माणसाचें पुढील आयुष्य पाहावें लागतें.

तें पुढील आयुष्य सर्वांस ठाऊक आहे. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन निघालें. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून व १९०० सालीं गुजराथेंतून अनाथ स्त्रिया व मुलीं केडगांवच्या मुक्तिसदनांत आल्या. ज्या आपत्तीनें स्वतःचे आईबाप नेले, त्याच आपत्तीच्या वाटेवर उभें राहून दुसऱ्यांच्या मुली उचलणें, यावरून त्यांच्या शोकाचें रूपांतर कशांत झालें हें कळतें. तथापि आमच्या प्रस्तुत विषयास त्यांचें दुसरें काम अधिक लागू पडतें. साध्या बायकांस समजेल अशा मराठींत संबंध बायबल मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून उतरावें, हा संकल्प करून त्यांनीं आयुष्याचीं अखेरचीं सुमारें अठरा वर्षें त्यास वाहिलीं. संस्कृत व्याकरणांत मुरलेली बुद्धि उतारवयांत हिब्रू धातूंकडे वळली. छपाईही केडगांवच्याच छापखान्यांत होत होती.

त्या कामांतच अखेरचा घाव बसला. २४ जुलई १९२१ रोजीं एकुलती एक मुलगी मनोरमा मिरजेस वारली. आईच्या पश्चात् संस्था चालवील अशी जिच्यावर भिस्त होती, ती आधीं गेली. रमाबाईंनीं हातांतील काम टाकलें नाहीं. मुद्रितें तपासून पुरीं होईपर्यंत आयुष्य मिळावें अशी त्यांनीं प्रार्थना केली असें सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निवर्तल्या, तेव्हां भाषांतर पुरें झालेलें होतें. १९२४ सालीं तें प्रसिद्ध झालें. वयाच्या सोळाव्या वर्षीं ज्या पुराणांनीं आपलीं माणसें वांचविलीं नाहींत असें त्यांस वाटलें, तीं पुराणें मागें पडलीं. पण ग्रंथ वाचून दुसऱ्यास आधार द्यावा, हा डोंगऱ्यांच्या घरचा वारसा मागें पडला नाहीं. पुराणिकाची मुलगी शेवटपर्यंत पुराणिकच राहिली. केवळ पोथी बदलली.

[५]

रमाबाईंच्या उदाहरणांत शोक आधीं व श्रद्धा नंतर असा क्रम आहे. लक्ष्मीबाई टिळक यांच्या उदाहरणांत तो उलटा आहे, म्हणून तें येथें घेणें न्याय्य होय. नारायण वामन टिळक यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हां लक्ष्मीबाईंच्या वांट्यास जो शोक आला, तो खुद्द त्या श्रद्धेमुळेंच आला. पति हयात असून नसल्यासारखा. समाजांत तोंड दाखविण्याची सोय नाहीं. लहान मूल पदरीं. सुमारें पांच वर्षें हा वियोग चालला. पुढें त्या पतीकडे परत गेल्या व १९०० सालीं स्वतः बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रें’ हा त्यांचा ग्रंथ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाला. त्यांत हा काळ वाचतांना हसूं व आंसूं एकदमच येतात. शांति देणाऱ्या श्रद्धेनें प्रथम अशांति दिली, हें त्या लपवीत नाहींत. आणि त्यामुळेंच पुढील शांतीविषयीं त्यांच्या शब्दावर विश्वास बसतो.

टिळकांनीं ख्रिस्ती उपासनेस अभंग व भजन दिलें. परक्या चालींवर बसविलेल्या गीतांपेक्षां तुकोबांच्या वळणाचें पद मराठी माणसाच्या हृदयांत लवकर उतरतें, हें त्यांनीं ओळखलें होतें. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या संग्रहांत त्यांचीं पदें विपुल आहेत. ख्रिस्तचरित्रावर ओवीबद्ध महाकाव्य लिहावें म्हणून त्यांनीं ‘ख्रिस्तायन’ आरंभिलें. ९ मे १९१९ रोजीं ते वारले, तेव्हां आरंभींचे थोडे अध्याय झाले होते. ज्या स्त्रीस विवाहाच्या वेळीं अक्षरओळखही नव्हती, तिनें पतीच्या पश्चात् हें काव्य हातीं घेऊन पुढील बहुतेक सर्व अध्याय स्वतः रचिले व तें पूर्ण केलें. लक्ष्मीबाई १९३६ सालीं वारल्या. ‘ख्रिस्तायन’ १९३८ सालीं प्रसिद्ध झालें.

विधवेनें पतीचें अपुरें काव्य पुरें करावें, तेंही जो विषय एके काळीं तिच्या संसाराच्या फाटाफुटीचें कारण झाला त्याच विषयावरील, यांत किती गोष्टी एकत्र आल्या आहेत तें वाचकांनींच पाहावें. रोज ओव्या रचतांना ती पतीच्याच वाक्याच्या पुढें वाक्य ठेवीत होती. वियोगाचें दुःख अशा रीतीनें सहवासांत परिणत झालें. श्रद्धेनें शांति दिली हें खरें. पण ती हातीं आली ओवीच्या वाटेनें.

[६]

येथवर दिलेले दाखले भिन्न काळांतील व भिन्न पंथांतील आहेत. सासष्टीचे व कानड्याचे लोक कॅथॉलिक, केडगांव व अहमदनगर प्रॉटेस्टंट. एकाचा दुसऱ्यावर परिणाम झाला असें आमचें म्हणणें नाहीं. स्टीफन्सप्रमाणें टिळकही ओवीकडेच वळले, यांतच त्याचें महत्त्व आहे. मराठी माणूस शोकांत ज्या दाराशीं जातो, तें दार धर्म बदलला तरी बदलत नाहीं. पलीकडे कोणाचें नांव घ्यावयाचें हें बदलतें. चौकट तीच राहते. धर्मांतराच्या इतिहासांत आपण बळ, लोभ, वाद व राजकारण यांची नोंद ठेवितों आणि ती ठेविलीच पाहिजे. सोळाव्या शतकांतील गोमंतकाच्या बाबतींत तर ती सौम्य करणें अप्रामाणिकपणा होईल. परंतु धर्म बदलल्यानंतरच्या पिढ्या मेलेल्यांसाठीं कशा रडल्या व कशानें उगी राहिल्या, हें लिहिल्यावांचून तो इतिहास पुरा होत नाहीं.

यासाठीं संग्राहकांस तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली अशी कीं, जुन्या ख्रिस्ती घरांतून रोमन लिपींत लिहिलेलें बाड निघाल्यास ‘पोर्तुगीज कागद’ म्हणून तें बाजूस टाकूं नये; चार ओळी मोठ्यानें वाचून पाहाव्या, कदाचित् ती ओवी असेल. दुसरी सूचना अशी कीं, ख्रिस्तपुराणाची अथवा दुसऱ्या कोणत्याही ख्रिस्ती पुराणाची प्रत सांपडल्यास केवळ पाठभेदांवर न थांबतां तिच्या उपयोगाचीं चिन्हेंही टिपावीं. कोणत्या अवस्वराचीं पानें अधिक मळलेलीं आहेत, कोठें तेलाचे डाग आहेत, समासांत अथवा मलपृष्ठावर घरांतील जन्ममृत्यूच्या नोंदी आहेत काय, हें पाहावें. दुःखसहनाच्या प्रकरणाचीं पानें इतरांपेक्षां अधिक हाताळलेलीं आढळलीं, तर या निबंधांतील अनुमानास तो प्रत्यक्ष पुरावा होईल. न आढळलीं, तर अनुमान तितकें मागें घ्यावें लागेल. तिसरी सूचना, वसई, सासष्टी व मंगळूर येथील वृद्ध स्त्रियांस उपवासकाळांतील अथवा प्रेताजवळ म्हणावयाचीं जीं जुनीं पदें पाठ असतील, तीं लिहून घेण्यास विलंब करूं नये. हा संग्रह कागदावर नसून कंठांत आहे.

ज्या पोथीच्या छापील प्रतींपैकीं एकही वांचली नाहीं, ती शोकाकुल माणसांच्या हातांनीं आपणांपर्यंत पोंचविली. तिचे उरलेसुरले सांगाती अजून कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या पेटींत असतील. तीं बाडें आपल्या संग्रहांत, ज्ञानेश्वरी व भागवत यांच्या शेजारींच, ठेवण्यास जागा करावी, एवढीच आमची इतिहासभक्तांस विनंति आहे.